मनकवडी गल्ली

"साखर कुठंय?" मशीनमनने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, आणि लगेच त्याहून मोठ्याने पुन्हा विचारलं, "साखर कुठंय?"

यात रागाचा भाग अजिबात नव्हता. त्याचं बिऱ्हाड शहरात, भर वस्तीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं आणि खालच्या मशीनवर तो स्वतः काम करायचा. तो जेवायला वर आला की त्याचा जोडीदार मशीन चालवायचा, म्हणजे ते थांबायचं नाव नाही. त्यामुळे त्या घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाई, एकदा साधं आणि एकदा ऐकू जाईल असं. चौदा वर्षांच्या संसारात नवराबायकोला प्रेमाचे दोन शब्द बोलायचे झाले तरी ते बेंबीच्या देठापासून ओरडूनच बोलावे लागले होते.

आज मात्र मशीनमन, त्याची बायको, आई आणि दहा वर्षांची मुलगी असे चौघं शहराबाहेरच्या वसाहतीत, बायकोच्या भावाच्या रिकाम्या घरात आले होते. भावाची बदली झाली होती. "शनिवार-रविवार राहून बघा," तो म्हणाला होता. "रविवारी पाचला फोन करतो. तुम्हाला नको असेल तर सोमवारी दुसऱ्यांना किल्ली देऊन टाकतो." मुलीला अभ्यासाला शांत जागा हवी, असं बायको अकरा वर्षं म्हणत होती, म्हणजे मुलगी जन्मायच्या आधीपासून. आणि कामाला जायला बसने एक तास लागेल, असं म्हणून नवरा अकरा वर्षं "बघू" म्हणत होता. आता खरोखरच बघायची वेळ आली होती.

घराच्या फाटकापाशी चौघंही थबकले होते. इतकी शांतता त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"सगळे कुठं गेलेत?" आजीने विचारलं.

"घरातच असतील, आई."

"मग बोलत का नाहीत?"

समोरच्या घरात कुणाच्या तरी हातून चमचा पडला. तो चौघांनी ऐकला. तो चहाचा चमचा असल्याचं मुलीने जाहीर केलं. मशीनमनला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला आणि तो उगाचच हळू चालायला लागला. मग त्याने मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. एवढं आभाळ एका घराच्या वाट्याला येतं, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता.

तर साखर. त्याने ओरडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच बेल वाजली. दारात शेजारच्या बाई वाटीभर साखर घेऊन उभ्या होत्या.

"म्हटलं, लागेल तुम्हाला."

"पण तुम्हाला कसं कळलं?" बायको म्हणाली. बाई नुसत्या हसल्या आणि गेल्या.

मग पडदा लावताना स्टुलावर हात पुरेना. "शिडी पाहिजे होती," मशीनमन म्हणाला, दोनदा. लगेच समोरचे काका शिडी घेऊन हजर. वय पासष्टीचं, पण केस काळेभोर आणि दाट. आजी आंघोळीला जाताना गुडघ्याच्या नावाने कण्हली, तर तिची आंघोळ होईपर्यंत पायरीवर मलमाची ट्यूब येऊन पडली होती.

"माणसं आहेत का कोण आहेत?" मशीनमन भारावून म्हणाला. "मनकवडी गल्ली आहे ही. आपल्याकडे एका जिन्यात वीस वर्षं राहतोय, वरचा माणूस काय काम करतो ते मला अजून ठाऊक नाही."

आजीने शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायचं ठरवलं. खिडकीकडे तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही अशा बेताने ती म्हणाली, "एखादं लिंबू असतं तर बरं झालं असतं." पाव तासात तीन घरांतून पाच लिंबं आली. आजीने ती ओळीने मांडली आणि हात जोडले. मुलीने सायकल मागून पाहिली. तीही आली, फक्त चाकात हवा कमी होती.

दुपारी चौघं चहाला बसले. "सगळं छान आहे," बायको म्हणाली, "पण बाईंच्या साखरेत मुंग्या आहेत. दोन निघाल्या." आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, "मुंग्या!"

"आणि शिडीवाल्या काकांचे केस बघितलेस?" मशीनमन म्हणाला. "टोप आहे तो. मागून शिवण दिसते. शिवण!"

बेल वाजली. शेजारच्या बाई लालबुंद चेहऱ्याने दुसरी वाटी घेऊन उभ्या होत्या. "ही चाळून आणलीय," त्या म्हणाल्या.

दार लागलं. कुणाचाही कप तोंडापर्यंत गेला नाही. भिंतींना कान असतात हे बायको लहानपणापासून ऐकत आली होती, पण ते कान इतके तयारीचे असतील असं तिला वाटलं नव्हतं. सकाळपासून आपण काय काय बोललो याची उजळणी सुरू झाली. मशीनमनच्या पायांचा वास, मुलीचे गणितातले मार्क, आजीचं पोट साफ न होणं. सगळं दोनदोनदा.

कुजबुजून बोलायचं ठरलं. पण कुजबुज ही शिकावी लागते आणि त्या घरात ती कुणालाच येत नव्हती. आजीची पहिली कुजबुज कोपऱ्यावरच्या घरापर्यंत गेली असावी, कारण तिथली खिडकी उघडली. शेवटी मुलीची वही मध्ये ठेवून सगळे लिहून बोलायला लागले. "पाणी दे," असं आजीने लिहिलं आणि खाली सवयीने पुन्हा लिहिलं.

रविवारचा दिवस असाच मुक्याने सरला. दुपारी मशीनमन वही शोधत आतल्या खोलीशी आला आणि दारातच थांबला. बायको मुलीची वेणी घालत होती आणि बारीक आवाजात गुणगुणत होती. गाणं कुठलं ते त्याला कळलं नाही. चौदा वर्षं ही बाई त्याच्यासमोर वेण्या घालत होती, तिचे ओठ हलताना त्याने पाहिले होते, पण त्यातून सूर निघतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तो वही विसरला. वेणी संपली तरी तो तिथेच उभा होता.

चार वाजता बेल वाजली. बाई आणि काका दोघंही दारात. काकांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"कालपासून तुमचा आवाज नाही," काका म्हणाले. "सगळं ठीक आहे ना?"

मशीनमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, ते टोपाचं मी..."

"अहो, सतरा वर्षं सगळ्या गल्लीला माहीत होतं. बोललं कुणी नाही. काल काढून ठेवला. डोक्याला वारा लागला हो."

"आमच्याकडे मुंग्यांवरून आमचे मिस्टर चक्क माझ्याशी बोलले," बाई म्हणाल्या. "कित्येक महिन्यांनी बोलले. तुम्ही आपलं चालू ठेवा."

ते गेल्यावर नवराबायको आतल्या खोलीत आले. पाचाला पंधरा मिनिटं होती.

"घेऊ या घर," मशीनमन म्हणाला. "बसने जाईन रोज. तू गुणगुणतेस, ते मला ऐकायचंय."

बायको पलंगावर बसली. "नको."

"अकरा वर्षं डोकं खाल्लंस ना माझं?"

"खाल्लं. पण इथं आल्यावर कळलं." आणि मग तिने कुजबुजून सांगितलं, म्हणजे तिला ती कुजबुज वाटली. "तिथं भांडी घासताना मी मनातलं सगळं बोलून टाकते. तुमच्याबद्दल, आईंबद्दल. मशीन चालू असतं, कुणाला ऐकू जात नाही. बोलले की मोकळी होते. इथं कुठं बोलू?"

"मला ठाऊक आहे," बाहेरच्या खोलीतून आजी म्हणाली.

दोघंही बाहेर आले. आजी खुर्चीत बसून लिंबू हुंगत होती.

"काय ठाऊक आहे, आई?" सुनेने विचारलं.

"तू बोलतेस ते. तीस वर्षं मी त्याच छापखान्यात बाइंडिंगला होते. त्या आवाजात आम्ही बायका ओठ बघूनच बोलायचो. तुझी मोरी माझ्या खुर्चीच्या समोरच आहे."

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं. माझ्याकडे पाठ केलीस तेवढंच सुटलं."

सून आजीच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "मग कधी बोलला का नाहीत मला?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस." आजीने लिंबू खाली ठेवलं. "मधूनमधून तू माझ्याबद्दल चांगलंही बोलायचीस. तोंडावर मला कुणी तसं कधी बोललं नाही. ते बुडालं असतं."

फोन वाजला. तो सुनेनेच उचलला.

"हो रे दादा. घेतोय आम्ही घर," ती म्हणाली. "आता लपवण्यासारखं काही उरलं नाही."

मशीनमन आईच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. इतक्या हळू आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"आई, माझ्याबद्दल काय बोलायची गं ती?"

"ते मी तुला सांगणार नाही," आई म्हणाली. "ते आमच्या दोघींतलं आहे."