नानचं दुकान, पहिला आराखडा

इरोदाच्या वार्षिक आराखड्याचा कुदरतोव दोमलांनी, म्हणजे तिच्या प्राध्यापकांनी, पहिल्यांदा निकाल लावला तो ऑक्टोबरात, आणि त्या कामाला त्यांना पुरतं एक मिनिटही लागलं नाही. विषय त्यांनीच दिला होता: मोहल्ल्यातलं नानचं दुकान. वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या इरोदानं चार मोठ्या कागदांवर ते जीव ओतून काढलं होतं. आत तंदूर, पुढे विक्रीची खिडकी, रांगेतल्या बायकांवर सावली धरणारं लांबलचक छप्पर, आणि तंदुरामागच्या भिंतीला बाहेरून टेकलेला एक बाक. थंडीत पाठ शेकायला.

दोमलांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय आहे?"

"नानचं दुकान, दोमला."

"ते दिसतंय. यात विचार कुठाय?"

"बायका उन्हात रांगेत उभ्या असतात, म्हणून छप्पर..."

"पोरी, छप्पर माझ्या गोठ्यालाही आहे. गोठा काही मी परीक्षेला ठेवत नाही. जा, विचार घेऊन ये." आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं चारी कागदांवर एकेक फुली मारली.

इरोदा विचार आणायला गेली. दुसरं दुकान तिनं नानसारखं गोल काढलं. "उद्या खाटकाचं दुकान सांगितलं तर मेंढीच्या आकाराचं काढशील का?" दोमलांनी विचारलं. तिसरं तिनं सगळं काचेचं केलं. "तंदुराचा धूर बसला की आतल्याला बाहेरचं दिसणार नाही आणि बाहेरच्याला आतलं. मग काच कशाला, मातीच बरी." चौथ्यात तिनं चार खोकी एकावर एक वाकडीतिकडी रचली. त्यात नान भाजणाऱ्या नानवाईला पिठापासून तंदुरापर्यंत शिडीवरून जावं लागत होतं. ते दोमलांनी बराच वेळ न्याहाळलं, कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "हं. आता काहीतरी होतंय." आपल्याला स्वतःला जे जितकं कमी कळेल तितकं ते पास होण्याच्या जवळ जातं, एवढा बोध इरोदाला झाला. त्या दिवशी ती जेवली नाही.

नववर्षाच्या सुट्टीत ती ताश्कंदहून मार्गिलानला घरी गेली, तेव्हा नापास कागदांची गुंडाळीही घेऊन गेली. वसतिगृहात पलंगाखाली आता तिच्या चपलांनाही जागा उरली नव्हती. "हे फडताळात अंथरायला घे," तिनं आईला सांगितलं आणि तोंड फिरवलं.

तिचे वडील तोलिब हे गवंडी. तीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली होती, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना उस्ता तोलिब म्हणायचा. बोलायचे मोजकंच. फेब्रुवारीत एवढा बर्फ पडला की कोपऱ्यावर नान विकणाऱ्या होसियत खालाची तंदुराची शेड बसली. खाला रडत उस्तांकडे आली. उस्तांनी फडताळ उघडलं, भांडी बाजूला केली, आणि अंथरलेले पहिल्या आराखड्याचे चार कागद काढून घेतले.

इरोदाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये नवरोजच्या सणाला ती घरी आली, स्टेशनवरून चालत गल्लीत वळली आणि हातातली पिशवी तिथंच खाली ठेवून उभी राहिली. समोर तिचं दुकान होतं. कागदावरचं नव्हे, विटामातीचं. खिडकीतून वाफ येत होती, छपराखाली बायकांची रांग होती आणि मागच्या बाकावर तीन म्हाताऱ्या पाठ शेकत, कोणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत बसल्या होत्या.

"दादा," ती धावत घरात शिरली, "ते... ते माझं आहे!"

"तुझंच की," उस्ता म्हणाले. "तू म्हणालीस नापास झालंय. म्हटलं, त्यांना नको असेल तर आपण वापरू."

होसियत खालानं तिला गरम नान दिला आणि गालाचे पटापट मुके घेतले. "पोरी, बाक फार झकास. एकच खोड आहे त्यात. नान घेऊन झालं तरी बायका उठत नाहीत गं!" इरोदा रडली, हसली, पुन्हा रडली. मग शेजारच्या फोटोवाल्याला ओढून आणून तिनं दुकानाचे बारा फोटो काढून घेतले. आता दोमला काय बोलतील? उभं राहिलंय, चालतंय, लोक बसताहेत! मे महिन्यातल्या अंतिम परीक्षेला हाच पहिला आराखडा ठेवायचा, तिनं ठरवलं.

ताश्कंदला परतल्यावर तिनं फोटो दोमलांच्या टेबलावर पसरले. दोमलांचा चष्मा कपाळावर गेला, नाकावर आला, पुन्हा कपाळावर गेला.

"अहाहा! काय साधेपणा! तंदुराची उष्णता वाया न घालवता बाकाला... अगं, कुठलं हे?"

"मार्गिलानचं. आमच्याच मोहल्ल्यातलं."

"आणि बांधलं कोणी?"

"माझ्या वडिलांनी. पण दोमला, आराखडा माझाय. ऑक्टोबरात तुम्हाला दाखवला होता."

दोमलांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे वडिलांचं बांधकाम तू स्वतःच्या नावावर आणलंस?"

"उलटं, दोमला! माझ्यावरून त्यांनी बांधलं! तुम्हीच लाल फुली मारली होती!"

"मी? असल्या कामावर?" दोमला खरोखरच दुखावले गेले. "साठ मुलांना शिकवतो मी, पण इतका आंधळा नाही झालो अजून. कुठायत ते कागद?"

"घरी आहेत."

"घरी फोन आहे?"

घरी नव्हता. मोहल्ला समितीच्या कचेरीत होता. दोमलांनी तिथं लावला. ताश्कंदच्या मोठ्या संस्थेतून फोन आलाय म्हटल्यावर समितीचे अध्यक्ष स्वतः उस्तांना बोलवायला धावले. दहा मिनिटांनी उस्ता धापा टाकत आले आणि, फोन लांबचा असल्यामुळे, ओरडून बोलू लागले. विभागातल्या सगळ्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"उस्ता, तुमच्या कोपऱ्यावर ते नानचं दुकान उभं राहिलंय," दोमला म्हणाले, "ते कोणाच्या डोक्यातून आलं?"

पलीकडे उस्ता तोलिबांना आठवल्या त्या लाल फुल्या. ताश्कंदनं नामंजूर केलेलं काम आपण खुशाल बांधून बसलो, आणि आता पोरीवर शेकणार! शेजारी अध्यक्ष कान टवकारून बसलेले.

"माझ्या डोक्यातून, साहेब."

"मुलीनं काही काढून दिलं होतं?"

"तिचा काहीएक संबंध नाही! तिला त्यातलं काही कळत नाही, साहेब. लहान आहे. जे काय करायचं ते मला करा."

इरोदानं रिसीव्हर हिसकावला. "दादा, खरं सांगा ना!"

"तू गप्प बस!" उस्ता गरजले. जन्मात ते तिला असं बोलले नव्हते. फोन बंद झाला.

दोमलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रागावण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाचा तो हात होता. "असा थोर बाप असल्यावर कोणालाही मोह होईल. डीनपर्यंत नेत नाही मी. तू ती चार खोकीच पुरी कर."

कागद तरी पाठव, म्हणून तिनं आईला पत्र लिहिलं. उत्तर आलं: काम झाल्यावर दादांनी कागद दुकानातच ठेवले होते, होसियत खालानं त्यांवर तंदूर पेटवला. छान जाड कागद होते, खाला अजून नाव काढते.

मे महिन्यात चार खोकी पाचपैकी तीन गुणांवर कशीबशी पास झाली. इरोदानं सुटकेचा श्वास घेतला, तो तेवढ्यापुरताच. उन्हाळ्यात मुलांनी एखादी चांगली इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे असतात. दोमलांनी त्या वर्षी नेहमीची समरकंदची सहल रद्द केली आणि बावीस पोरांना टेपा देऊन मार्गिलानला आणलं.

मोहल्ल्याचं लग्नघर झालं. इरोदाच्या आईनं मोठ्या कढईत पुलाव टाकला. दोमलांनी उस्तांच्या अंगावर मानाचा झगा घातला, डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि लोककारागिराच्या उपजत शहाणपणावर अर्धा तास भाषण केलं. शिक्षेऐवजी झगा मिळतोय म्हटल्यावर उस्ता इतके गोंधळले, की त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. ते विनयानं, असं सगळ्यांना वाटलं.

पोरं भिंतींवर चढली, छपराखाली लोळली, टेपांची टोकं एकमेकांना ओरडून मागू लागली. इरोदा मात्र तुतीच्या झाडाखाली बसली आणि तासाभरात सगळं आठवणीतूनच काढून मोकळी झाली. तिला कसली टेप लावायची? तिच्याइतकं ते दुकान कोणाला माहीत होतं?

दोमलांनी तिला दोन गुण दिले. नापास.

"बाकी एकवीस जणांची भिंत चाळीस सेंटिमीटर, तुझी पंचवीस. त्यांचं दार एकशेदहा, तुझं ऐंशी. छप्पर तर तू अर्धा मीटर लांब काढलंयस. वडिलांच्या कामाला निदान हात लावून तरी बघायचंस गं!"

इरोदा थेट दुकानाशी गेली. उस्ता बाकावर बसले होते, झगा अजून अंगावरच होता.

"दादा, भिंत बदललीत?"

"थोडीशी."

"आणि दार?"

"खालाच्या हातात नानची परात असते, पोरी. तुझ्या दारातून एकतर खाला आली असती, नाहीतर परात."

"आणि छप्पर?" तिचा आवाज बारीक झाला.

उस्तांनी इकडेतिकडे पाहिलं. "छप्पर पडलं असतं. म्हणून कमी केलं. आत रेल्वेच्या रुळाचे दोन तुकडेही घातलेत. वरून फळ्या मारल्यात, दिसत नाहीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"नवरोजला तू एवढी नाचत होतीस," उस्ता म्हणाले. "म्हटलं, राहू दे."

इरोदानं पिशवीतून टेप काढली आणि एक टोक वडिलांच्या हातात दिलं. सबंध दुपार त्या दोघांनी ते दुकान मोजलं, इंच न इंच. रांगेतल्या बायका त्यांना बाजूला सारत होत्या. नकाशाच्या कोपऱ्यात 'बांधणाऱ्याचं नाव' अशी चौकट होती. तिथं तिनं वडिलांचं नाव लिहिलं.

दोमलांनी तिला पाच गुण दिले. तीन वर्षांतले पहिले पाच.

तो नकाशा उस्तांनी काचेत घालून बैठकीत लावलाय. पाहुणा आला की चहाची वाटी हातात देण्याआधी ते त्याला भिंतीपाशी नेतात.

"आमच्या पोरीनं काढलंय," ते अभिमानानं सांगतात. "माझं दुकान. अगदी हुबेहूब उतरवलंय बघा."