दोन इंच कमी धरा

आशाबाईंनी माझ्या छातीभोवती टेप गुंडाळला, आकडा बघितला आणि "हं" म्हणाल्या.

एवढंच. पण मला ते खटकलं. गेली सहा वर्षं माझे ब्लाउज त्याच शिवतात. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन मशीनचं दुकान आहे (एक चालतं, दुसऱ्यावर शिवलेले कपडे ठेवतात). आजवर त्या आकडा मोठ्यानं म्हणायच्या, वहीत लिहायच्या आणि पुढच्या मापाकडं वळायच्या. या वेळी नुसताच लिहिला.

"किती आलं?" मी विचारलं.

"छत्तीस."

मागच्या दिवाळीत चौतीस होतं.

मी घाबरले. (मी लगेच घाबरते. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असतं, तरी झाल्यावर दचकते. माझी धाकटी बहीण श्रेया म्हणते, मंगलाष्टकं संपून बँड सुरू होईल तेव्हा तुला दोघांनी धरून ठेवावं लागणार.) घाबरण्याचं कारण असं की तो ब्लाउज लग्नाच्या शालूवरचा होता. कापड शालूतूनच कापलेलं, म्हणजे बिघडलं तर दुसरं मिळायची सोय नाही. लग्नाला अडतीस दिवस उरले होते. आणि साखरपुड्यापासून माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. सत्यम, म्हणजे माझा होणारा नवरा, शेंद्र्याला कंपनीत आहे. त्याच्या आई माझी ओटी भरता भरता माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "पोरगी तब्येतीनं बरी हाय."

हे वाक्य मी आरशासमोर वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघितलं होतं. एकाही सुरात ते कौतुक वाटेना. सत्यमला फोनवर विचारलं, "बरी म्हणजे काय?" तर तो थोडा विचार करून म्हणाला, "बरी म्हणजे बरी." तो इंजिनिअर आहे.

"आशाबाई," मी म्हणाले, "दोन इंच कमी धरा."

"कुठून कमी धरू? टेपातून?"

"चौतीसचा शिवा. लग्नापर्यंत मी तेवढी होते. मी योगा लावलाय."

"कधीपासून?"

"उद्यापासून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "केळवणं किती हायेत?"

"असतील चार-पाच."

"हं," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. "जा तू. मी करते बरोबर."

योगा आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या उमाताई शिकवतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळं आपण चटईवर असलो तरी बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "उमाताई, योगानं वजन खरंच कमी होतं का? आणि टोनिंग?"

त्यांनी आधी माझी पाठ सरळ केली. "अंग घट्ट होईल. ताठ बसशील, ताठ चालशील, पोट जरा आत राहील. वजनाचं म्हणशील, तर मी तुला सकाळचा एक तास देणार. उरलेले तेवीस तास तुझे."

मला ते उत्तर होकारार्थी वाटलं.

"आणि महिनाभर काट्यावर चढायचं नाही, टेप लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "पेरलेलं रोज उकरून बघितलं की उगवत नाही."

हा नियम मी मनापासून पाळला. (ज्या नियमात काहीच करायचं नसतं, तो मी नेहमी पाळते.) घरात सैल टी-शर्ट आणि इलॅस्टिकचा पायजमा, बाहेर जाताना साडीवर रेडिमेड स्ट्रेचचा ब्लाउज. अंगाला कुठूनही बातमी लागू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी वृक्षासन होतं. आम्ही सहाजणी एकेका पायावर उभ्या. खाली पाण्याची मोटर सुरू झाली आणि मी दचकून शेजारच्या सरिताकाकूंना धरलं. त्यांनी त्यांच्या शेजारणीला धरलं. सहाच्या सहा झाडं एकाच दिशेला पडली. उमाताई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. झोपलाच आहात तर शवासन घेऊ."

शवासन मला जमायचं. पण आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो आणि सांगून येत नाही. एकदा उमाताई हळू आवाजात म्हणत होत्या, "शरीर जड झालंय, हातपाय हलवावेसेच वाटत नाहीत," तेवढ्यात खालून कुणीतरी हाक दिली, "पाणी आलं." दहा सेकंदांत गच्ची रिकामी. जिन्यात सगळ्यांच्या पुढं उमाताई होत्या.

तरी मी एक दिवस चुकवला नाही. तक्रार असेल तर ती उरलेल्या तेवीस तासांची.

चार-पाच केळवणांची चौदा झाली. एकीकडं जेवलं की दुसरीकडचे विचारतात, आम्ही काय घोडं मारलंय? पहिलं फुलंब्रीला आवडाआत्याकडं. (आत्या त्याला गडगनेर म्हणते.) पाटाभोवती रांगोळी, समोर पुरणपोळ्यांची चवड, वाटीत येसर आमटी, आणि आत्याच्या हातात तुपानं भरलेला तांब्या.

"आत्या, एकच पोळी. मी योगा करते."

"कर ना. बसूनच करतेत न्हवं? मंग इथं बी बसलीच हायेस."

"वजन कमी करायचंय मला."

आत्याचा हात थांबला. "कामून? मांडवात पोरगी वाळल्याली दिसली तर लोकं काय म्हणतील? बापानं पोरीला पोटभर घातलं नाय म्हणतील. माझ्या भावाची इज्जत हाय ती. खा."

वडिलांच्या इज्जतीसाठी मी चार पोळ्या खाल्ल्या. वडील समोरच बसले होते. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

मग मी प्रमाण ठरवलं: एका केळवणामागं सहा सूर्यनमस्कार जास्तीचे. चौदाव्या केळवणाला रोजचे चौऱ्याऐंशी व्हायला लागले, तेव्हा मी ते प्रमाण रद्द केलं.

लग्न गुरुवारी. मंगळवारी सकाळी श्रेया दुकानातून ब्लाउज घेऊन आली. आशाबाई नव्हत्या, भाचीच्या लग्नाला गावाकडं गेलेल्या. सुनेनं पिशवी दिली, शटर ओढलं आणि त्यावर खडूनं लिहिलं, 'दुकान शुक्रवारी उघडेल.'

ब्लाउज फार सुंदर होता. हुक पाठीला. मी आत शिरले, श्वास सोडला आणि श्रेयानं ओढायला सुरुवात केली.

"अजून सोड."

"संपला श्वास."

आईनं एका बाजूनं धरलं, श्रेयानं दुसऱ्या. दोन्ही काठ समोरासमोर येऊन थांबले. श्रेयानं कंपासपेटीतली पट्टी आणून माझ्या पाठीवर लावली. "एक इंच," ती म्हणाली. "बरोब्बर एक इंच राहतंय."

आई पलंगावर बसली. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. नुसती ब्लाउजाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "अर्धा दिवस उभं राहून निवडला होता गं हा शालू आपण."

माझे डोळे भरले. आणि तसेच भरलेले असताना माझ्या डोक्यात गणित सुटलं. बी.एस्सी.ला माझं स्टॅटिस्टिक्स होतं. ब्लाउज चौतीसचा. एक इंच कमी पडतोय, म्हणजे मी पस्तीस. महिन्यापूर्वी होते छत्तीस. याचा अर्थ चौदा केळवणं जिरवून मी एक इंच कमी झाले होते.

"आई," मी म्हणाले, "योगानं कमी होतं."

"पण हुक लागत नाही त्याचं काय?"

"ते वेगळं. आधी हे बघ ना."

मी तशीच अंगावर ओढणी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि उमाताईंना सगळं सांगितलं. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, हे मी कॉलेजात तीन वर्षं शिकलेय. पण तो माणूस आपण असलो की नमुना पुरेसा वाटतो. उमाताई म्हणाल्या, "इंचाचं मला माहीत नाही. पण काल मोटर सुरू झाली तेव्हा तू एका पायावर हलली नाहीस. ते मी बघितलं." मला ते जरा कमी वाटलं. सरिताकाकूंनी मात्र लगेच ग्रुपवर टाकलं: 'आपल्या तनुजाचा योगानं एक इंच कमी.' खाली एकोणीस जणींनी हात जोडले. चौघींनी बॅचची वेळ विचारली.

राहता राहिला तो उरलेला एक इंच. आत शिलाईला जास्तीच्या कापडाची माया सोडलेली असणारच. पण वरून सगळं जरीकाम, कुठली शिलाई उसवायची हे शिवणारीलाच ठाऊक. चौकातल्या दोन शिंप्यांनी ब्लाउज उलटासुलटा करून परत दिला. "दुसऱ्याच्या हातचा लग्नाचा कपडा आम्ही नाय उसवत ताई. उद्या काय झालं तर तुम्ही आमच्या नावानं बसाल." मी आशाबाईंना फोन लावत राहिले. अकरापर्यंत नऊ वेळा. दुपारपर्यंत तेवीस. प्रत्येक वेळी पूर्ण रिंग जायची आणि बंद व्हायची.

तीन वाजता मेंदी सुरू झाली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, त्यामुळं फोन श्रेयाकडं. गच्चीवरच्या पाचही जणी आलेल्या, उमाताई खुर्चीत, फुलंब्रीहून आवडाआत्या, आणि सरिताकाकू नव्यानं येऊ घातलेल्या चौघींना सांगत होत्या, "हीच ती. चौदा केळवणं करून."

श्रेयानं चोविसावा फोन लावला आणि हात दुखतो म्हणून स्पीकरवर टाकून माझ्यापुढं धरला. रिंग वाजत राहिली. मग मागं हलगीचा आवाज, आणि त्यातून: "हॅलो? कोण, तनुजा? अगं फोन पिशवीत होता. बोल पोरी."

मी दचकले नाही. उमाताईंनी मान डोलावली.

"आशाबाई, फक्त एक इंच हवाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी कमी झालेय, पण तुम्ही दोन इंच कमी धरलेला ना, त्यातला एकच झाला माझा. कुठली शिलाई उसवायची तेवढं सांगा."

हलगी वाजत होती.

"कमी कुठं धरला गं बाई," आशाबाई म्हणाल्या. "केळवणाच्या पोरीचं माप कुणी कमी धरतंय का? तुला वाईट वाटंल म्हणून तवा बोलले नाय. छत्तीसात दोन वाढवून अडतीसचा शिवलाय. का, लई सैल होतोय का?"