एक काठी, दोन शाफ्ट

रविवारी सकाळी डेंटिस्टने जेवणाच्या टेबलावर एक लांबट खोकं ठेवलं आणि त्यासाठी सासऱ्यांचा चहाचा कप बाजूला सरकवला. भांडण खरं तर तिथेच सुरू झालं, खोकं उघडायच्या आधीच.

"काय आहे हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"लो डिफ्लेक्शन शाफ्ट."

"माणसांच्या भाषेत सांगा."

"आपल्या काठीचा पुढचा निम्मा भाग, बाबा. जुना काढायचा, हा बसवायचा. मागचा दांडा तोच."

पूल खेळायची ती काठी खरोखरच दोघांची होती. लग्न ठरलं तेव्हा सासरे जावयाला म्हणाले होते, "मुलीचं तिने स्वतःच ठरवलंय. माझ्या हातात देण्यासारखी ही काठी तेवढी उरलीय. आजपासून निम्मी तुमची." तेव्हापासून दोघं लाँड्रीच्या वरच्या क्लबात जोडीने खेळत. एक फटका सासऱ्यांचा, एक जावयाचा, काठी एकच. क्लबातल्या बाकीच्या काठ्या केळ्यासारख्या वाकलेल्या होत्या, त्यामुळे दुसरी काठी घेण्याचा विषय कधी निघाला नाही.

आता एकाच काठीला दोन शाफ्ट झाले.

डेंटिस्टने समजावून सांगायला घेतलं. तोंडात बोळे भरलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे समोरचा मध्ये बोलेल, ही शक्यता तो धरत नसे. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो सरळ जातो. पण फिरकी द्यायची म्हणून डावीकडे मारलं, तर तो जरा उजवीकडे सरकून निघतो. साध्या शाफ्टने जास्त सरकतो, या नव्या शाफ्टने कमी. साधा शाफ्ट वापरणारा माणूस वर्षानुवर्षं हे सरकणं मनात धरून मुद्दाम थोडा चुकीचा नेम धरतो आणि बॉल बरोबर जातो.

"म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं मारत होतो," सासरे म्हणाले.

"नाही बाबा. बरोबर मारत होतात. फक्त चुकीच्या पद्धतीने."

"त्यापेक्षा नुसतं 'हो' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

सासरे हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. चुकणं या विषयावर नोकरीभर लोकांचं ऐकून घेतल्यामुळे तो शब्द त्यांना घरात चालत नसे. तरीही संध्याकाळी क्लबात त्यांनी नवा शाफ्ट हातात घेतला, खडू लावला, डावीकडून फिरकी देऊन फटका मारला. पांढरा बॉल लाल बॉलच्या शेजारून, त्याची चौकशीही न करता, थेट पॉकेटमध्ये जाऊन पडला. पुढच्या फटक्यालाही तेच झालं. बाजूच्या टेबलावरचे लोक आपला खेळ थांबवून बघायला लागले.

"तुमचा शाफ्ट माझं ऐकत नाही, जावईबापू."

"तो ऐकतोय, बाबा. तुमचा हात जुनंच बोलतोय."

सासऱ्यांनी काठी टेबलावर ठेवली आणि ते चालत घरी गेले. डेंटिस्टने त्यांना गाडीतून सोडायचं होतं, म्हणून तो मागोमाग हळूहळू गाडी चालवत, काच खाली करून माफी मागत गेला. ती माफी अख्ख्या रस्त्याने ऐकली, सासरे सोडून.

त्यानंतर घरात सगळा व्यवहार बायकोमार्फत सुरू झाला. ती गाडी चालवायला शिकवत असे. तिच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी तिच्या पायाखालीही एक ब्रेक होता, आणि घाबरलेल्या, चिडलेल्या, रडवेल्या पुरुषांशी शांतपणे बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या लोकांचा तास संपला की ते घरी जात. हे दोघं घरीच राहत.

"तुझ्या नवऱ्याला विचार, मीठ देतोस का."

"बाबांना सांग, मीठ त्यांच्याच कोपराशी आहे."

"अरे, तुम्ही दोघं एका हाताच्या अंतरावर बसलायत," ती म्हणाली.

"अंतर वाढलंय," सासरे म्हणाले.

प्रश्न नुसत्या मिठाचा असता तर तिने दोन बरण्या ठेवल्या असत्या. पण क्लबाची वार्षिक जोडी स्पर्धा तोंडावर आली होती. त्या क्लबात एक दुष्ट प्रथा होती. जिंकलेल्या जोडीचा फोटो काउंटरच्या वर लागे, आणि अंतिम सामना हरलेल्या जोडीचा संडासाकडे जाणाऱ्या बोळात. सासरे-जावयाचे तिथे लागोपाठचे फोटो होते. सासऱ्यांचे केस फोटोगणिक विरळ होत गेलेले, आणि डेंटिस्टचं हसू फोटोगणिक व्यावसायिक होत गेलेलं. क्लबात कुणालाही घाई लागली की पहिलं दर्शन या दोघांचं होई. समोर काउंटरवरच्या फोटोत दरवर्षी बेकरीवाले भाऊ हसत.

स्पर्धा सोडायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी बायकोमार्फत तह झाला. सासऱ्यांचा फटका आला की जुना शाफ्ट लावायचा, जावयाचा आला की नवा. नियमांत याविरुद्ध काही नव्हतं, कारण नियम करणाऱ्यांना असं काही सुचलंच नव्हतं.

उपान्त्य सामन्यात दोन औषधवाले समोर होते. सासरे-जावई प्रत्येक फटक्यानंतर काठी मधून उघडायचे, एक शाफ्ट काखेत धरायचे, दुसरा बसवायचे. तोंडाने बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे दोघं एकाच वेळी उलट दिशांना पिळत. त्यात नवा शाफ्टही खडू लागून आठवड्याभरात जुन्यासारखाच मळका झाला होता. एकदा सासऱ्यांनी चुकून नवा घेतला, चूक लक्षात आल्यावर घाईघाईने जुना बसवायला गेले, आणि आटे वाकडे अडकले. काठीला मधोमध कोपर फुटलं. शाफ्ट पुढे जाईना, की सुटेना.

पंचाचं काम मास्तर करत. ते पूर्वी शाळेत कवायत घेत आणि शिट्टी अजून गळ्यातच घालत. त्यांनी ती फुंकली.

"फटका मारा, नाहीतर बाद."

"काठी वाकडी आहे," सासरे म्हणाले.

"ते तुम्ही आणि तुमचे जावई बघून घ्या."

सासऱ्यांनी त्या वाकड्या काठीने फटका मारला. बॉल कुठल्या कुठे गेला, पण ते बघून थोरल्या औषधवाल्याला हसू आवरेना, आणि पुढच्याच फटक्याला त्याने हसता हसता, सगळ्यात शेवटी घालायचा काळा बॉल वेळेआधीच पॉकेटमध्ये घालून सामना घालवला. सासरे-जावई अंतिम फेरीत पोहोचले. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं नाही.

मास्तरांनी मात्र जाहीर केलं, "अंतिम सामन्यात फटक्याला अर्धं मिनिट. त्यात शाफ्ट बदला, कपडे बदला, काय वाटेल ते बदला. शिट्टी झाली की पाळी गेली."

त्या संध्याकाळी बायकोने सूत्रं हातात घेतली.

"शाफ्ट मी बदलणार. तुम्ही दोघांनी फक्त हात पुढे करायचा."

"तुला जमेल?" डेंटिस्टने विचारलं.

"चालत्या गाडीत गिअर कुठला हे न सांगता येणारी माणसं मी रस्त्यावर उतरवते. दोन काड्या बदलता येतील."

तिने आपली केसांची रबरं आणली. बाबांच्या जुन्या शाफ्टला लाल, नवऱ्याच्या नव्याला निळं. अंतिम सामन्याच्या दिवशी घाईघाईत सामान एका लांब पिशवीत भरलं आणि तिघं निघाले. निघताना दोघांमध्ये पुढच्या सीटवर कुणी बसायचं यावरून न बोलता झटापट झाली. शेवटी दोघंही मागे बसले.

क्लबात बरीच गर्दी होती. ती टेबलाच्या मागे भिंतीशी खुर्ची टाकून बसली. पिशवी उघडून तिने आत हात घातला, जरा थांबली, पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात घातला. मग तिने शांतपणे मांडीवर टॉवेल पसरला आणि बांधलेले केस मोकळे सोडले.

"गरम होतंय?" डेंटिस्टने विचारलं.

"तू खेळाकडे बघ."

बेकरीवाल्या भावांशी सामना सुरू झाला. सासऱ्यांनी हात पुढे केला की टॉवेलखालून कर्र कर्र आवाज येई आणि लाल रबराची काठी हातात पडे. फटका मारून ते काठी परत देत, पुन्हा कर्र कर्र, आणि डेंटिस्टच्या हातात निळ्या रबराची. बाई सराईत होती, तरी या अदलाबदलीत अर्ध्या मिनिटातला मोठा तुकडा जात असे. मास्तर शिट्टी ओठांत धरून उभेच. फिरकीचा विचार करायला, टेबलाभोवती फेरी मारून भुवई उंचावायला, डोळा मिटून कोन मोजायला वेळच उरेना. वाकायचं, पांढऱ्या बॉलच्या मधोमध ठोकायचं आणि काठी परत द्यायची.

आणि बॉल जात होते. एका मागोमाग, सरळ, मुकाट्याने जात होते. बेकरीवाल्यांचा धाकटा दर फटक्याला नवी फिरकी काढून दाखवत होता, आणि त्याचा पांढरा बॉल टेबलभर हिंडून भलत्याच ठिकाणी विसावत होता.

शेवटी टेबलावर सासरे-जावयाचा एक बॉल आणि काळा, एवढेच राहिले. पाळी डेंटिस्टची. बॉल कडेला चिकटलेला होता. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभे होते. त्याला एकदम वाईट वाटलं. या माणसाने आपल्याला बॉलमागे वाकून उभं राहायला शिकवलं, आणि आपण त्यांना डिफ्लेक्शन शिकवत बसलो.

"लाल दे," तो बायकोला म्हणाला. "बाबांचा."

ती क्षणभर बघत राहिली. मग कर्र कर्र झालं. लाल रबराची काठी हातात आली. त्याने मधोमध मारलं. बॉल कडेकडेने घरंगळत गेला आणि पॉकेटमध्ये पडला.

सासऱ्यांनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यात अर्ध्या मिनिटाचा बराच भाग गेला. मग मुलीपुढे हात करून, घसा खाकरून, क्लबाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "निळा दे. जावईबापूंचा."

पुन्हा कर्र कर्र. सासरे वाकले. मास्तरांनी श्वास आत ओढला, शिट्टी वाजणार एवढ्यात फटका बसला. काळा बॉल सरळ मधल्या पॉकेटमध्ये गेला.

दोघांनी मिठी मारली. डेंटिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, ती जोरात बसली, पण त्याने ते दाखवलं नाही.

थोरला बेकरीवाला हात मिळवायला आला. "आज एक नवल झालं," तो म्हणाला. "दोघांनीही एकदासुद्धा फिरकी दिली नाही. सगळं सरळ मधोमध. असं खेळलात तर कुठलाही शाफ्ट चालेल. झाडूच्या दांड्यानेही जिंकला असतात."

तो गेल्यावर सासरे हळूच म्हणाले, "हरलेला माणूस काहीही बोलतो."

"त्याचं मनावर घेऊ नका, बाबा."

घरी परतताना दोघं पुन्हा मागेच बसले, पण आता शेजारी शेजारी. जिना चढेपर्यंत नवाच वाद रंगला होता.

"नवा शाफ्ट म्हणजे काय चीज आहे," सासरे म्हणत होते. "काळा बॉल मारताना हाताला कळलं. जरासुद्धा सरकला नाही. यापुढे मी तोच वापरणार."

"नाही बाबा, खरी मजा जुन्यातच आहे. कडेचा बॉल मी नव्याने मारूच शकलो नसतो. त्या लाकडात काहीतरी जिवंत आहे. नवा पाहिजे तर विकून टाकू."

"माझ्या देखत विकायचं नाही त्याला."

बायकोने कुलूप उघडलं. दारामागच्या चपलांच्या मांडणीवर, सकाळी घाईत ठेवला होता तिथेच, लाल रबर घातलेला शाफ्ट उभा होता. तिने तो उचलला.

"ऐका दोघंही. हा घरीच राहिला होता. पिशवीत एकच होता, निळा. दुसरं लाल रबर माझ्या केसांतलं. अख्खा सामना तुम्ही दोघं एकाच शाफ्टने खेळलात. मी नुसती तोच उघडून तोच लावत होते आणि रबर बदलत होते."

दोघांनी शाफ्टकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. सासरे पुढे झाले आणि त्यांनी मायेने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"दमलीस तू आज. हा आत्ता तूच पिशवीतून काढलास, बाळ."

"बाबा, मी सांगतेय ना."

"असं बघ," डेंटिस्ट समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटणार. पण खेळणाऱ्याच्या हाताला फरक कळतो. कळतो ना, बाबा?"

"लगेच कळतो," सासरे म्हणाले. "मी तर म्हणेन, डोळे झाकूनसुद्धा कळतो."

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं आत गेले. थोड्या वेळाने आतून हाका आल्या, नव्या फोटोला कुठला शर्ट शोभेल हे विचारायला. ती शाफ्ट हातात धरून दारातच उभी होती. मग तिने तो चपलांच्या मांडणीवर परत ठेवला आणि पांढरा शर्ट घालायला सांगितलं, दोघांनाही.