बोअरला लागलेला बँड

शिल्प कॉलनीच्या बोअरला पाणी लागलं नाही, पॉवर मेटल वाजवणारा रॉक बँड लागला.

"काळ्या पाषाणात होतं असं," बोअरची गाडी घेऊन आलेला सर्जेराव मशीन बंद करत म्हणाला. "मागं एकांना सनईवाले लागले होते. तुमचा बँड मात्र जोरकस आहे."

कॉलनीच्या अध्यक्ष सुधाताई खानापुरे पाइपाशी वाकल्या. गाण्याशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. नवऱ्याबरोबर भावगीतांना गेल्या की दुसऱ्या गाण्यालाच त्यांचा डोळा लागायचा. इथे मात्र खालून गिटारी घोडे सुटल्यासारख्या धावत होत्या, ड्रम त्यांच्याही पुढे पळत होते आणि या सगळ्यावर एक माणूस भलत्याच उंच पट्टीत ओरडत होता.

"अहो, कुणाला लागलंय का?" सुधाताईंनी हाक मारली.

गाणं थांबलं. "नाही ताई, ध्रुवपद आहे," खालून अदबीने उत्तर आलं आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

ते सात तोंडांच्या ड्रॅगनचं गाणं होतं. प्रत्येक तोंडाला वेगळा नाश्ता हवा होता. शेवटी राजकन्या तलवार उपसते आणि सातही तोंडांना मुकाट्याने उपमा खायला लावते. सुधाताई खळखळून हसल्या. आपली मूठ हवेत गेली आहे हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं. त्यांनी ती खाली घेऊन पदर सारखा केला.

पण कॉलनीला पाणी हवं होतं. टँकरला लोक कंटाळले होते. संध्याकाळी पाइपाशीच बैठक बसली.

"पाणी त्यांच्या खाली असणार," कॉलनीतले पत्रावळे सर म्हणाले. "सर्जेराव म्हणतात, आरपार जाता येईल."

"आरपार म्हणजे कुणाच्या?" सुधाताईंनी विचारलं.

मग त्यांनी पाइपात तोंड घालून बँडलाच विचारलं. "जागा सोडायला आमची ना नाही," गायक म्हणाला, "पण ड्रम पाइपातून निघायचे नाहीत. आणि पाणी खाली नाहीच, ताई. डावीकडे आहे. ड्रमवाल्याच्या पाठीला सतत ओल येते."

"कुणाच्या डावीकडे?" पत्रावळे सरांनी खुलासा मागितला.

"स्कूटर लावता ना, त्या बाजूला."

"बँडच्या शब्दावर दुसरा बोअर मारायचा?" सरांनी विचारलं.

"मारायचा," सुधाताई म्हणाल्या. "पाणी नाही लागलं तर मी पद सोडते." रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या.

सकाळी स्कूटरी हलवल्या, मशीन लागलं. बराच वेळ नुसती कोरडी भुकटी उडाली. मग चिखल आला, आणि मागोमाग पाणी असं उसळलं की सर्जेराव टोपीसकट भिजला. खालून ड्रमवाल्याने आनंदाने झोडपायला सुरुवात केली. बँडने जागेवरच नवं गाणं रचलं. त्यात पत्रावळे नावाचा जादूगार होता. सरांनी ते उभ्याने ऐकलं, मग घरातून खुर्ची आणली.

आता पहिल्या बोअरला झाकण आहे, पण ते दुपारी उघडतात. अशा गाण्यांना मागे मोठा कोरस लागतो आणि खाली माणसं अपुरी आहेत. त्यामुळे कॉलनीतल्या बायका पाइपाभोवती सतरंजीवर बसून सराव करतात. सगळ्यात लांब आणि उंच सूर सुधाताईंकडे आला आहे. काल त्यांनी डोळे मिटून तो लावला.

"ताई, अजून थोडं वर," खालून आवाज आला.

सुधाताईंनी श्वास भरला आणि वर गेल्या.