नेमतसाठी सत्तर फुल्ल

माणसाचं नाव, गाव, पगार मला काहीही सांगू नका. पाच मिनिटं त्याला माझ्यासमोर बसवा, चहा पाजा, आणि तो कुठल्या फुलाच्या जातीचा आहे ते माझ्याकडून ऐका. कैरोच्या एका साप्ताहिकात एकतीस वर्षं लोकांची टर उडवून ज्यानं पोट भरलं, त्याला एवढं तर यायलाच हवं. लोक वाढदिवसाला फुलं घेतात म्हणजे काय करतात, तर दुकानात जे उरलेलं असतं ते उचलतात. आमच्या संपादकाला दरवर्षी सगळे गुलाब देत. मी ग्लॅडिओलस दिले. लांबलचक दांडा, खालून वर चढत जाणारा बहर, आणि पाणी बदललं नाही की दोन दिवसांत मान टाकलेली. संपादक फार खूष झाला. त्याला कळलं नाही.

हा सिद्धांत मी बायकोला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ती भेंडी चिरत होती.

"आणि मी कोण?" इन्शिराहनं विचारलं.

"तू बोगनवेल."

"म्हणजे काटे."

"छे, छे. बारा महिने बहर."

"बोगनवेलीला वास नसतो," ती म्हणाली. पुढचा आठवडाभर आमच्या जेवणालाही नव्हता.

पण नेमतच्या बाबतीत मी चुकणं शक्यच नव्हतं.

नेमत माझी बहीण. तीन वर्षांनी मोठी, पण मी तिला नावानंच हाक मारतो. कैरोच्या उत्तरेकडच्या शुब्रात, आमच्या वडिलांनी भाड्यानं घेतलेल्या त्याच घरात, दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. आणि दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नव्हती.

कारण सांगायला हवं. वालासारखे टपोरे दाणे तांब्याच्या उंच हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवतात, त्याला आम्ही 'फूल' म्हणतो. खायचं फूल. रोटी-कांद्याबरोबरच्या या फूलशिवाय शुब्रात सकाळ उजाडत नाही. नेमत दर शुक्रवारी हंडा चढवायची आणि सगळी इमारत वाट्या घेऊन तिच्या दारात यायची. मी माझ्या शेवटच्या लेखात लिहिलं, 'आमच्या नात्यात एक बाई आहेत. त्यांच्या हातच्या फूलचा दाणा गोफणीत घालून मारला, तर गाढव आडवं होईल.'

नाव दिलं नव्हतं. द्यायची गरजही नव्हती. गल्लीतल्या न्हाव्यानं कात्रण आरशाला चिकटवलं. भाजीवाला 'सित्त' म्हणजे 'बाईसाहेब' म्हणून अदबीनं विचारायला लागला, "काय सित्त नेमत, आज किती गाढवं पडली?"

आता एक गोष्ट सांगतो, ती मी तेव्हा कुणापाशीच बोललो नव्हतो. ते खोटं होतं. नेमतच्या हातचं फूल लोण्यासारखं असायचं. जिभेवर ठेवलं की कुठं गेलं कळायचं नाही. पण गुरुवारची संध्याकाळ होती, छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि लेखाला एक ओळ कमी पडत होती.

नेमतनं हंडा घासला, माळ्यावर टाकला, आणि शुक्रवार बंद केले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता फोन उचलायचं सोडलं. मी दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं काय झालं माहीत नाही. दुसरं परत आलं. पाकिटावर तिच्या अक्षरात चार शब्द होते: 'यातला विनोद कळला नाही.'

त्यात विनोद नव्हताच. पण एकतीस वर्षं हसवणाऱ्याची माफी कोण खरी धरणार?

या जूनमध्ये तिला सत्तर वर्षं पूर्ण होत होती. मी ठरवलं, आता शब्द नकोत. फुलं बोलतील. आणि नेमतला शोभणारं फूल जगात एकच. मोगरा. आमच्याकडे त्याला 'फुल्ल' म्हणतात. लहान, पांढरं, स्वतःहून पुढं न येणारं, आणि दार उघडायच्या आत घरभर पोचलेलं. आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यातून परत येताना उन्हाळ्यात तिच्यासाठी फुल्लाची एक माळ आणायचे. फक्त तिच्यासाठी. ती माळ गळ्यात घालूनच ती झोपायची. सकाळी फुलं तपकिरी पडलेली असायची, तरी काढू द्यायची नाही.

"सत्तर माळा," मी इन्शिराहला म्हणालो. "वर्षाला एक."

"चांगलं आहे. घेऊन जा."

"मी हलवानहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शुब्राला, कसा जाऊ? गुडघा आहे ना माझा."

"काल तर तो गुडघा कॉफीच्या दुकानापर्यंत चालत गेला. आणि पत्ते खेळून परत आला."

"फुलं आधी पोचू देत. तिचा राग जरा उतरू दे. मग मागून मी जातो."

"रउफ," ती म्हणाली, "माफी मागायला माणूस जातो. मोगऱ्याचं काय चुकलंय?"

मी ऐकलं नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

सकाळी आठ वाजता मी नेमतच्या इमारतीच्या दरवानाला फोन लावला. बिशंदी नाईलच्या वरच्या मुलुखाकडचा, साठी ओलांडलेला, अत्यंत प्रामाणिक माणूस. त्याच्या मागं रिक्षांचे भोंगे चालू होते.

"बिशंदी, कोपऱ्यावर जा आणि सित्त नेमतसाठी फुल्ल घे."

"घेतो की, उस्ताद. किती?"

"सत्तर."

भोंग्यांमधून तो ओरडला, "सत्तर म्हणालात?"

"सत्तर. एकही कमी नको. आणि ताजं बघून घे."

"ताजंच असतं, पहाटेच उतरवतात. झाकून नेऊ का?"

"झाक. ओलं फडकं टाक. वास उडायला नको."

"आणि बरोबर कांदा?"

मी मनापासून हसलो. इतक्या वर्षांत या माणसाला विनोद करता येतो याचा मला पत्ताच नव्हता. "आण बाबा, कांदाही आण," मी म्हणालो. "आणि नीट ऐक. तिला सांग, भावाकडून आहे. झालं गेलं विसर आणि मला माफ कर."

"माफ कर," तो गंभीरपणे म्हणाला. "सांगतो, उस्ताद. अल्ला तुमचं भलं करो."

मी फोन ठेवला आणि इन्शिराहकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तिनं माझ्यासमोर कलिंगड आणि पांढऱ्या चीजची बशी ठेवली. जगात सगळं कसं जागच्या जागी होतं.

साडेनवाला मी कलिंगडाची दुसरी बशी घेऊन बसलो होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. पडद्यावर नेमतचं नाव होतं. माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

"नेमत," इन्शिराह म्हणाली, "वर्षानुवर्षं सुखात राहा गं." मग म्हणाली, "कोण गेलं?" मग माझ्याकडे पाहिलं, अगदी खालपासून वरपर्यंत, खात्री करून घेतल्यासारखं.

"नाही गं," ती म्हणाली. "इथं बसलाय. कलिंगड खातोय."

पलीकडून फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, तू कधी गेलास." इन्शिराहनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "रडत होती, रउफ. बोलता येत नव्हतं तिला."

मी बिशंदीला फोन लावला. त्याचं म्हणणं असं: त्यानं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर सत्तर माणसांचं फूल मागितलं. गाडेवाला म्हणाला, वाट्यांत कुठं भरत बसू, हंडाच घेऊन जा. दोन हमाल लावून हंडा वर चढवला. नेमत घरात न्हाणीत होती, म्हणून हंडा जिन्यात ठेवला, आणि तो रोट्या आणायला परत खाली गेला.

"अरे, फुल्ल म्हणालो होतो मी! गळ्यात घालायचं!"

"तेच की, उस्ताद. फूल."

"मोगरा रे!"

बिशंदीनं जरा विचार केला. "सकाळी आठ वाजता," तो शांतपणे म्हणाला, "शुब्रात मोगरा कोण मागतं?"

मी पुढं काय झालं ते विचारलं.

पुढचं काही त्याला स्वतःला ठाऊक होतं, काही जिन्यातल्या लोकांकडून कळलं होतं. सत्तर माणसांचं जेवण आमच्याकडे एकाच कारणानं वाटलं जातं: कुणीतरी गेलेलं असतं आणि त्याच्या नावानं लोकांच्या पोटात चार घास जावेत अशी घरच्यांची इच्छा असते. बिशंदी खाली जाता जाता तिसऱ्या मजल्यावरची, हज करून आलेली हज्जा तफीदा कठड्यावरून ओणवी झाली होती. हज्जाला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, आणि उजव्या कानानं तिला हवं तेवढं येतं.

"कुणाच्या नावाचं रे?" तिनं विचारलं.

"सित्तच्या भावाकडून," बिशंदी ओरडला. "उस्ताद रउफ. म्हणाले, झालं गेलं विसरा, माफ करा."

आमच्याकडे माफ करा असं फक्त मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. जिवंत माणसाला आम्ही सहसा माफ करत नाही.

हज्जा काळी ओढणी घेऊन खाली आली. तिनंच दार वाजवलं. तिनंच ओल्या केसांच्या नेमतला छातीशी धरलं आणि सांगितलं. आणि नेमत, जिनं दोन वर्षं माझं नाव तोंडात घेतलं नव्हतं, ती म्हणे तिथंच पायरीवर बसली. हिशेब केला तर हज्जाच्या त्या शब्दांपासून कलिंगडापर्यंत अकरा मिनिटं होतात. अकरा मिनिटं मी तिच्या लेखी मेलेला होतो. तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला माझ्याकडून तिला मिळालेली भेट ती.

मी टॅक्सी केली. गुडघ्याची आठवणही झाली नाही. रमसीसच्या सिग्नलला एक बाई हातावर फुल्लाच्या माळा टाकून गाड्यांमधून फिरत होती. ऊन चढलं होतं, एकच माळ उरली होती, कडेनं जराशी कोमेजलेली. ती मी मनगटाला गुंडाळली.

इमारतीच्या जिन्यात पायरी-पायरीवर माणसं बसली होती. सगळ्यांच्या हातात वाट्या, चेहऱ्यावर बेताचं दुःख; मी जिवंत असल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा मला न्हाव्यानं पाहिलं. तो उठला, 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि पाठीमागं न बघता दोन पायऱ्या उलट चढला. भाजीवाल्याचा घास बाहेर आला. पहिल्या वळणावर हज्जा तफीदा खुर्ची टाकून बसली होती. तिनं डोळे बारीक करून माझा हात हातात घेतला.

"तूही आलास का, बाळा? बस. फार चांगला माणूस होता रे. तुझ्यासारखाच दिसायचा."

"हज्जा, मीच तो," मी म्हणालो.

"हो, हो," ती म्हणाली. "आपल्यालाही जायचंच आहे."

वर दारात हंडा होता आणि हंड्यामागं नेमत. केस अजून ओले, डोळे लाल, हातात डाव. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता डाव डोक्यात बसणार. बसला असता तर हिशेब सोपा झाला असता. तिनं एक वाटी भरली आणि माझ्यापुढं धरली.

"खा."

मी खाल्लं. दाणे कच्चे होते. माझी शेवटची दाढ करकरली.

"कसं आहे?"

जिन्यातल्या सगळ्या वाट्या थांबल्या. आता खोटं कशाला बोलू, एकतीस वर्षांची सवय आहे, त्या क्षणी माझ्या जिभेवर तीन वाक्यं आली. तिन्ही उत्तम होती. एकात तर गाढव परत येत होतं. मी ती तिन्ही गिळली, दाण्यांसकट.

"कच्चं आहे," मी म्हणालो. "तुझ्या हातचं लोण्यासारखं असायचं. मी लिहिलं ते खोटं होतं, नेमत. एक ओळ कमी पडत होती म्हणून लिहिलं. माझ्यामुळं तू हंडा माळ्यावर टाकलास. चुकलं माझं."

ती हंड्यात बघत राहिली. "यातला विनोद कुठाय?"

"नाहीये."

"नाहीच?"

"नाही. शोधून बघ."

तिनं डाव हंड्याच्या काठावर ठेवला. माझ्या मनगटाची माळ सोडवली. गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला. माळ तिनं गळ्यात घातली, ओल्या केसांखालून नीट ओढून घेतली, आणि परत डाव हातात धरला. खालून हज्जा तफीदानं कुणाला तरी विचारलं, "काय म्हणतोय गं तो पाहुणा?"

मला अजून बरंच बोलायचं होतं. वडिलांबद्दल, फुल्लाबद्दल, दोन वर्षांच्या शंभरावर वाया गेलेल्या शुक्रवारांबद्दल. मी तोंड उघडलं.

"हज्जाला ऐकू गेलं नाही," नेमत म्हणाली. "परत सांग. तिच्या उजव्या कानात, मोठ्यानं. आणि जाताजाता तो मिठाचा डबा दे इकडं."