रेचकाची बातमी

कोर्टात उभं राहायचं म्हटलं की प्रभाकरपंत कर्णिक वकिलांच्या आधी त्यांचं पोट उठत असे. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचं घर होतं. तिथल्या ओटीवर पंत असा काही युक्तिवाद करीत, की येणारे-जाणारे थांबून ऐकत. पण कोर्टात पुकारा झाला रे झाला, की पोटात गोळा उठे आणि पंत "पुढची तारीख मिळावी" एवढंच म्हणून बाहेर धाव घेत. जज्जसाहेब त्यांना चुकार समजत, अशील भित्रा समजत. पंतांना स्वतःला मात्र भारी कुतूहल वाटे.

"आज तारीख आहे हे पोटाला कळतं कसं गं? मी तर त्याला काही सांगितलं नव्हतं," ते बायकोला विचारत.

"रात्रभर कूस बदलणं चाललं होतं की! त्यावरून कळलं असेल," वासंती म्हणे.

या खेपेला पळून चालणार नव्हतं. खटला रंगूबाईचा होता. नवरा गेल्यावर तिचं खाडीकाठचं मिठागर तिच्या दिरानं, गुणाजीनं, बळकावलं होतं. मिठागर सुरुवातीपासून आपणच चालवतो, असं तो सांगत होता.

"वकीलदादा, या टायमाला पलू नका," रंगूबाईनं बजावलं होतं. "माजा मिठागर गेला त मी खाव काय?"

पंतांनी आगगाडी पकडली आणि कल्याणच्या विश्रामबुवा वैद्यांना गाठलं. बुवांनी दोन पुड्या दिल्या. पांढऱ्या दोऱ्याची पंतांसाठी, पोट धरून ठेवणारी. लाल दोऱ्याची कमळाआत्यांसाठी, म्हणजे पंतांच्या विधवा आत्यांसाठी. त्यांचं पोट कैक दिवसांत साफ झालं नव्हतं, म्हणून ती जालीम रेचकाची.

तारखेच्या दिवशी सकाळी पंतांनी पुडी घेतली आणि काय आश्चर्य, पोट एकदम शांत! पगडी चढवून, विडा चघळत स्वारी कोर्टाकडे निघाली.

थोड्या वेळानं वासंती केर काढायला आली, तो पाटाखाली लाल दोरा. पंत याच पाटावर बसले होते.

"आत्याबाई, तुम्ही पुडी घेतलीत का?"

"घेतली की. राहिली होती ती. पांढऱ्या दोऱ्याची."

वासंतीच्या हातातली केरसुणी गळून पडली. रेचक कोर्टात गेलं होतं! तिनं मारुती गड्याला हाक मारली, त्याच्या काखेत एक धुतलेलं धोतर दिलं आणि धावत पिटाळलं.

कोर्टात पंतांचं उत्तम चाललं होतं. गुणाजी पिंजऱ्यात उभा होता आणि पंत सावकाश, एकेक प्रश्न घोळवून विचारीत होते. इतक्यात मारुती त्यांच्या कानाशी लागला.

"बाईसाहेबांनी सांगितलंय, सकाळी तुम्ही आत्याबाईंची पुडी घेतलीत. जुलाबाची. धोतर आणलंय."

पंतांच्या पोटात ढग गडगडले. कपाळावर घाम फुटला. त्यांनी एका हातानं पोट आवळलं, दुसऱ्या हातानं टेबल धरलं आणि डोळे वटारून ते गरजले, "मीठ कोण काढतं?"

"मी... मीच काढतो, साहेब."

"कुठल्या महिन्यात? बोल! लवकर बोल!"

असा वकील गुणाजीनं जन्मात पाहिला नव्हता. "श्रावणात!" तो बोलून गेला.

सगळं कोर्ट हसत सुटलं. भर पावसाळ्यात मिठागरात गुडघाभर पाणी असतं, हे जज्जसाहेबांनाही ठाऊक होतं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," असं म्हणून पंत जे सुटले, ते मारुतीच्या काखेतलं धोतर ओढूनच. निकाल रंगूबाईच्या बाजूनं लागला. तो ऐकायला पंत हजर नव्हते.

घरी आले तेव्हा आत्याबाई झोपाळ्यावर प्रसन्न मुद्रेनं बसल्या होत्या. "प्रभाकर, त्या वैद्याच्या हाताला गुण आहे रे! कसं पिसासारखं हलकं वाटतंय."

पंत आणि वासंती एकमेकांकडे पाहू लागले. आत्याबाईंनी पोट बांधणारी पुडी घेतली होती. मग त्या मोकळ्या झाल्याच कशा? आणि पंतांनी रेचक घेतलं होतं, तर मारुती येईपर्यंत पोट गप्प का होतं?

पंतांना चैन पडेना. आठवड्याभरानं दोघं कल्याणला गेली. बुवांनी सगळं ऐकलं आणि ते ओशाळवाणं हसले.

"रेचकाचा जमालगोटा संपला होता हो, आणि पोट बांधणारी कुड्याची सालही. तुम्ही एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हातानं कसं धाडायचं? दोन्ही पुड्यांत जिरं आणि खडीसाखरच होती. दोरे तेवढे सवयीनं बांधले."

"मग मला ते झालं काय?"

"तुम्ही बातमी ऐकलीत. मन घाबरलं की पोट खवळतं, आणि पोट बिघडलं की मन थाऱ्यावर राहत नाही. दोघांची सारखी ये-जा चालू असते. आत्याबाईंची खात्री होती, त्या मोकळ्या झाल्या."

"आता हे कळलंय, तर मला पुन्हा त्रास व्हायचा नाही?"

"मुळीच नाही. ज्याला ही गंमत कळली, त्याचं पोट फसत नाही."

"वा!" पंतांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे तुमच्या पोटाचीही काळजी नको. गुणाजीनं अर्ज केलाय, वकिलानं डोळे वटारून मला भिववलं म्हणून. मी जज्जसाहेबांना पोटाचं खरं कारण सांगितलं. त्या पुडीत काय होतं, ते आता त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी या. शपथेवर सांगावं लागेल."

बुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खल बाजूला सारला, एक हात पोटावर ठेवला आणि ते परसदाराकडे लगबगीनं निघून गेले.

"बुवा असे मधेच कुठं गेले?" रांगेतल्या एका रोग्यानं विचारलं.

"काही नाही," वासंती म्हणाली, "त्यांना कोर्टात बोलावलंय."

"कोर्टात?" रोगी म्हणाला आणि हळूच स्वतःचं पोट चाचपू लागला.