तुफानची ओटी

तुफानला न्यायला टेम्पो अकराला येणार होता, आणि रुक्मिणीबाईंना साडेनऊ वाजता आठवलं, की घरच्या लेकीबाळीला सासरी रिकामी पाठवत नाहीत.

तुफान म्हणजे घोडी. वय वर्षं चोवीस. गोराईच्या वाळूवर मुलांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारण्यात तिचा जन्म गेला, आणि एवढ्या वर्षांत तिला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. नाव रुक्मिणीबाईंच्या नवऱ्याने, जयवंतरावांनी हौसेने ठेवलेलं. ते जाऊन वर्ष झालं होतं. आता मुलगा निलेश आईला बोरिवलीला नव्या घरी नेणार होता, आणि तुफान मुलुंडच्या चंद्रप्रकाशकडे जाणार होती. त्याचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. घाबरट नवऱ्यांसाठी त्याला एक शांत घोडी हवी होती.

पंधरा दिवस रुक्मिणीबाई रोज दत्तापुढे निरांजन लावून एकच मागणं मागत होत्या. हा माणूस येऊ नये, असं स्पष्ट मागायची त्यांना लाज वाटे. म्हणून त्या म्हणत, "महाराज, त्याला दुसरी चांगली घोडी मिळू दे."

महाराजांनी ऐकलेलं दिसत नव्हतं. तेव्हा रुक्मिणीबाईंनी ओटीची तयारी केली. गहू, हरभरे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, गुळाचा खडा. खण घोडीला कुठे लावणार, म्हणून तो दाव्याला बांधला. आता घोडीला पदर नाही, मग ओटी घ्यायची कशात? रुक्मिणीबाईंनी तोबरा आणला. सगळं त्यात घातलं, कुंकू लावलं आणि तोबरा तुफानच्या तोंडाला बांधला.

जयवंतराव हरभरे रात्रभर भिजवून मगच घालत. वर गव्हाणीत दोन मोठे गोटे ठेवत, म्हणजे घोडी गोट्यांच्या आजूबाजूने वेचून सावकाश खाते, बकाबका गिळत नाही. रुक्मिणीबाईंना हे सगळं पाठ होतं. पण भिजवलेल्या धान्याने ओटी भरल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

तुफानने आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी घाई केली.

दोन मिनिटांत तिने मान लांब केली, खोकली, परत मान लांब केली. तोबरा काढला तर नाकातून फेस आणि हरभऱ्याचा चुरा गळायला लागला. शेजारच्या मालनकाकू कुंपणापाशी आल्या आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडता गो ती. जनावराक पण कळता, घर सुटता ता."

"काकू, तिच्या नाकातून येतंय," निलेश म्हणाला.

काकूंनी नीट पाहिलं आणि निदान बदललं. घशात अडकलंय. मग त्या घरात गेल्या आणि भाताचा मुठीएवढा सुका गोळा घेऊन आल्या. माशाचा काटा अडकला की त्यांच्या घरात तीन पिढ्या हाच गोळा गिळत होत्या. त्यांचं म्हणणं, हरभरा त्याला ऐकणार नाही असं थोडंच आहे? निलेश तेलाची बाटली घेऊन धावला. रुक्मिणीबाई घोडीच्या गळ्यावरून हात फिरवत तारक मंत्र म्हणत होत्या, आणि मध्येच थांबून "माझ्या हातून झालं," म्हणत होत्या.

निलेशने फोन केल्यावर बोरिवलीहून जनावरांच्या डॉक्टर प्रांजल निघाल्या होत्या, पण बोट मिळेपर्यंत वेळ होता. त्यांनी फोनवरच सगळ्यांना गप्प केलं. घास अन्नाच्या नळीत अडकलाय, श्वासाच्या नाही. घोडी गुदमरणार नाही. पाणी, तेल, भात, काही म्हणजे काही तोंडात घालू नका, ते फुफ्फुसात गेलं तर घोडी हातची जाईल. मान खाली राहू दे. तिच्याभोवती गडबड नको. मालनकाकूंनी नाइलाजाने गोळा पदराखाली घेतला.

डॉक्टर आल्या. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि नाकातून नळी घालून थोडंथोडं कोमट पाणी सोडत घास मोकळा केला. त्याला तासभर लागला. मग हात धुताना त्यांनी विचारलं, "आजी, खायला काय दिलं होतंत?"

"ओटी," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बराच वेळ नळी धुतली. मग तोंड उघडून घोडीच्या दाढा दाखवल्या. सगळ्या झिजलेल्या. यापुढे सगळं खाणं भिजवून मऊ करून, दिवसातून चार वेळा, थोडंथोडं, आणि खाऊन होईपर्यंत माणूस शेजारी उभा. दोन दिवस प्रवास नाही.

हे सगळं अकराला आलेल्या टेम्पोपाशी उभा राहून चंद्रप्रकाशने ऐकलं होतं.

"मावशी, आपल्याला नाय जमणार," तो म्हणाला. "वरात सोडून घोडीला खिमट भरवत बसू काय?"

रुक्मिणीबाईंनी डोळे मिटले. महाराजांनी ऐकलं होतं. दाव्याच्या खणाकडे बघून त्या जरा हसल्यासुद्धा.

"आई," निलेश हळूच म्हणाला, "एक तारखेला इथल्या किल्ल्या द्यायच्यात. मग हिला चार वेळा कोण घालणार?"

त्यांनी तुफानकडे पाहिलं. ती गुंगीत मान खाली घालून उभी होती, जयवंतराव जेवून ओट्यावर डुलक्या काढत तशी. नवसाला पावलेलं परत करायचं कसं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं त्यांना आठवेना. त्यांनी पदर सारखा केला आणि चंद्रप्रकाशपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मुलगी दाखवताना बोलावं तशा त्या बोलत राहिल्या. दातांनी अधू आहे, पण स्वभावाने सोनं. फटाक्याला दचकत नाही. बँडवाले कानाशी वाजवोत, हलत नाही. लहान पोर पाठीवर झोपलं तर पाऊल आणखी हळू टाकते. रागाला येणं माहीत नाही. आवडनिवड नाही. मालनकाकू पदर डोळ्यांना लावायला गेल्या आणि भाताचा गोळा खाली पडला. कोणी उचलला नाही.

चंद्रप्रकाश ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मावशी, एवढी गुणाची आहे, तर तुम्ही देताय कशाला?"



"तिसरा मजला आहे रे," त्या म्हणाल्या. "आणि लिफ्ट लहान आहे."

चंद्रप्रकाश हसायला गेला. मग त्याने टेम्पोवाल्याला परवा, शनिवारी ये म्हणून सांगितलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"सांगा," तो म्हणाला. "हरभरे किती तास भिजवायचे?"